खोडलेली ओळ

ती. बाबांना, तुमच्या पहिल्या विद्यार्थिनीचा साष्टांग नमस्कार.

सरांनी माझं कौतुक केलं, असं मागे कळवलं, ते अर्धवट होतं. त्यांच्याच पुस्तकातली सिद्धता मी शंका विचारायला उतरवून नेली होती. ते म्हणाले, "वा पोरी, हे तुला कसं सुचलं?" मला थट्टा वाटली.

थट्टा नव्हती. नव्या आवृत्तीची मुद्रितं मी तपासते आहे. 'भागण्याआधी छेद शून्य नाही ना, ते पाहा' ही ओळ सरांनी सगळीकडे खोडली आहे. जिच्यासाठी तुम्ही माझा कान पिळायचात, तीच.

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "हल्ली ते फार विसरतात, पण कुणाला सांगू नकोस गं. खुर्ची गेली तर घरी बसून काय करतील ते?" मग आम्ही दोघीही रडलो.

पण मुलं हेच खरं मानून शिकतील, बाबा.

मी वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे? सरांच्या पुस्तकाची आपली जुनी प्रत जपून ठेवा.

पुस्तक मंगळवारी छापायला जाईल. विभागप्रमुखांना मी सोमवारी सकाळी सांगणार आहे. तोवर सर विसरतील, तरी आधी त्यांनाच सांगेन, रविवारी.

तुमची लेक