फुलदाण्या आणि भुंडे हात

बजाजनगर, छ. संभाजीनगर
ता. १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

ती. मनकर्णाताई यांस रत्नमालाचा नमस्कार.

इकडं सगळं बरं हाय. तुमचे गुडघे कसे हायत? वैजापूरला थंडी पडली असंल, सकाळी पायाला गरम कपडा बांधत जा. लाल कांदा निघाला का ते कळवा. घरच्या सगळ्यांना नमस्कार सांगा. एवढं रीतीचं झालं. आता कामाचं लिहिते.

तनुजाच्या मोबाईलवर तुमचा निरोप आला. रविवारी तनुजाची सुपारी फोडायला पाहुणे यायच्या आधी घरातली ती मडकी काढायची, नायतर तुम्ही उंबऱ्यात पाय ठेवणार नाय. आणि तुम्ही नाय आल्या तर पोरीला कुंकू लावायला तिच्या बापाकडची सवाष्ण कोण, असं वर विचारलं. आई रांडाव, आत्या रुसलेली. पोरीनं दोन दिवस धड खाल्लं नाय. काल मला म्हणती, "आई, पाहुणे जाईपर्यंत पलंगाखाली ठिवू ना. आत्या तरी यील."

मी तीन वेळा फोन केला, तुम्ही उचलला नाय. तनुजा म्हणली व्हॉट्सअॅपवर बोलून पाठव. ते नको. तिथं तुमची सून ऐकणार, मग गल्ली ऐकणार. तुम्ही चौथी शिकल्या, मी पण चौथीच. कागद दोघींना वाचता येतो.

तर पहिलं हे, की ती मडकी नायत. फुलदाण्या हायत. नऊ हायत. निळ्या नक्षीच्या चार चीनच्या, लाल-सोनेरी तीन जपानच्या, राखाडी-पोपटी दोन कोरियाच्या. कुणाच्या मसणातनं आणल्या नायत. लग्नानंतर मी शहागंजात हमीदाआपाकडं फरशी पुसायला जायची, तुम्हाला माहीत हाय. त्यांच्या दिवाणखान्यात असल्या पन्नास होत्या, हैद्राबादच्या राजवटीतल्या. पहिल्या दिवशी मी फडकं घेऊन पुढं झाले तर म्हातारी ओरडली, "हौले, पहले चूडियां उतार. चूडी लगी तो टवका उडता, फिर जिंदगीभर दिखता." मी म्हणले, आपा, आमच्यात नवरा जिता असताना हात भुंडे करत नाय. तर म्हणली, "तो फिर नक्को हात लगा." आठ दिवस मी नुसती फरशी पुसली. नवव्या दिवशी बांगड्या काढल्या.

का काढल्या ते विचारा. मला हात लावायचा होता म्हणून. जन्मात कुणी मला नाजूक वस्तू धरायला दिली नव्हती. पाटी, घमेलं, हंडा, एवढंच डोक्यावर दिलं. आपानं शिकवलं, मानंला धरून उचलायचं नाय, एक हात बुडाखाली. एका वेळी एकच. नखानं टिचकी मारायची आन् ऐकायचं, चीर असली तर आवाज बसका येतो. मी काम सोडताना त्यांनी मला एक दिली, काठाला टवका गेलेली. ती पहिली.

बाकीच्या जुन्या बाजारातल्या. कंपन्यांतले कोरियाचे, जपानचे सायब परत जाताना सामान इथंच टाकून जातात, मग ते भंगारवाल्याच्या हातगाड्यावर येतं. आन् एक तुमच्या भावानं आणली. बदलून चाललेल्या सायबानं दिली, तर कंपनीपासून घरापर्यंत शिफ्टच्या बसमधी मांडीवर घेऊन बसले. पोरं म्हणली, "रामेश्वर, घागर भरून काय नेतो रं?" तर हे म्हणले, "तुझ्या वैनीची सवत नेतो. गप बस." घरी येईपर्यंत शर्टाची दोन बटणं तुटली होती, पण भांड्याला ओरखडा नाय.

शोकेस पण त्यांनीच केलं. लोखंडी अँगल, काच, आत ट्यूब. समोरून भरलेला ट्रक गेला की घर हलतं, म्हणून प्रत्येक फुलदाणीत वाळूची पिशवी ठिवली आन् बुडाला मेण लावलं. हे मी का सांगते? तुम्ही पाहुण्यांत सांगत फिरता, की रत्नीनं चिन्या मडक्यापायी माझ्या भावाला खाल्लं. ती मडकी तुमच्या भावानं मेणानं चिकटवलीत ताई. सांगताना हे पण सांगत जा.

दर महिन्याला एका रविवारी आम्ही त्या धुवायचो. कोमट पाणी, जरासा साबण, खाली जाड टॉवेल. माझ्या बांगड्या तेच काढायचे, साबण लावून, एक एक, आन् शर्टाच्या खिशात ठिवायचे. म्हणायचे, "सौभाग्य माझ्याकडं जमा हाय, तू बिनघोर धू." हसायचे आन् खिसा वाजवायचे. धुऊन झालं की परत घालायचे. कासारासारखं पटकन जमत नव्हतं त्यांना. हात दुखायचा माझा.

पोळ्याच्या आदल्या दिवसाचं मी लिहिणार नाय. ते तुम्हाला माहीत हाय.

पण तुम्ही त्या दिवशी काय केलं ते लिहिते, कारण चौदा महिने झाले आन् तुम्ही ते कुणाला सांगत नाय. तुम्ही जीपमधनं उतरल्या, माझ्या हाताकडं बघितलं आन् सगळ्या बायांपुढं म्हणल्या, "नवरा जिता असतानाच भुंडी बसली होती ही." फोडायला बांगड्याच नव्हत्या. मग तुम्ही त्यांच्या अंगावरच्या शर्टाच्या खिशात हात घातला. त्या हिरव्या बांगड्या काढल्या, माझ्या हातात चढवल्या आन् उंबऱ्यावर आपटून फोडल्या. घालून फोडल्या ताई. दगडाबाई मावशी म्हणली पण, "अगं बाई, राहू दे, तिच्या हातात काय नाय तर नाय." तुम्ही ऐकलं नाय. रीत म्हणजे रीत. मनगटाला काच लागली त्याचं मला काय नाय. पण त्या बांगड्या त्यांनी काढल्या होत्या, त्यांनीच परत घालायच्या होत्या. तुम्हाला कुणी सांगितलं होतं घालायला?

मी अजून फुलदाण्या धुते. आता बांगड्या काढायच्या नसतात, तेवढं काम कमी झालं.

लिहिणार नाय म्हणले होते, पण कागद उरलाय आन् तुम्ही खोट्याच गोष्टीवर मला धरून बसल्या, त्याचा लई राग येतो. धरायचंच तर खऱ्यावर धरा. ऐका.

त्या दिवशी बांगड्या काढून दिल्यावर हे आतल्या खोलीत गेले. मी मोरीपाशी. हातात तीच फुलदाणी होती, बसमधनं आणलेली, साबणानं निसरडी झालेली. आतनं आवाज आला, "रत्ना, जरा ये गं." मोठ्यानं नव्हता. मी म्हणले, "आले, हातात भांडं हाय." मग मी ते आतनं विसळलं. बाहेरनं विसळलं. बुडाखाली हात घालून टॉवेलवर ठिवलं, डगमगतं का ते बघितलं. हात पुसले. मग गेले. ते पलंगाला टेकून खाली बसले होते, एक हात खिशावर. डॉक्टर म्हणले, काय करता आलं नसतं, मिनिटातच सगळं झालं. डॉक्टर तिथं नव्हते. मी होते. भांडं विसळायला किती वेळ लागतो ते मला माहीत हाय.

तनुजाला हे माहीत नाय. कुणालाच माहीत नाय. तुम्हाला सांगितलं, कारण तुमचा भाऊ होता.

रविवारी अकराला पाहुणे येणार. शोकेस हाय तिथंच राहील आन् ट्यूब लावलेली असंल. फुलदाण्या काढल्या तर तुमची बांगड्यांची गोष्ट खरी झाली, आन् माझी पोर जन्मभर मनात धरंल की आईच्या भुंड्या हातानं बाप गेला. ते मी होऊ देणार नाय. तुम्ही आल्या तर कुंकू तुम्ही लावा, तुमचा मान हाय. दुपारपर्यंत नाय आल्या तर मी लावीन, माझ्या हातानं, सगळ्यांदेखत. सोयऱ्यांना पटलं नाय तर त्यांनी सुपारी परत न्यावी. तनुजाला मी हे आज सकाळीच सांगितलं. ती रडली, मग जेवली.

आन् येणार असाल तर बांगड्यांचा विषय काढू नका. चुलीपाशी या, पोरीला बाहेर पाठवा आन् विचारा, रत्ना, त्यानं हाक मारली तवा ते भांडं तू हातातनं का सोडलं नाय? तेवढं विचारायचा हक्क जगात एकट्या तुम्हाला हाय. मला उत्तर येत नाय. पण तुम्ही विचारल्यावर मी उठून जाणार नाय.

तुमच्या भावाची बायको,
रत्नमाला