तुझे खोडलेले सगळे ‘आय’

कीर्ती,

उठलीस की आधी निबंध उघड. फॉर्मल इंग्लिशमध्ये ‘आय’ म्हणजे ‘मी’ चालत नाही असं काल मोठ्या ऐटीत सांगून मी तुझे सगळे ‘आय’ खोडायला लावले ना? चुकलं माझं. आज स्कॉलरशिपचा फॉर्म नीट वाचला. त्यात चक्क म्हटलंय, स्वतःच्या अनुभवावर लिहा.

चहा पिताना आईला तुझा निबंध मराठीतून वाचून दाखवला. “पहाटे कोळंबी सोलली जाते. त्याच वेळी पाठांतर केलं जातं.” आई म्हणाली, “चांगलाय रे, पण हे सगळं करतं कोण? शेजारीण?”

तर संध्याकाळी पाचच्या आत सगळे ‘आय’ परत घाल आणि फॉर्म पाठव. “सुजलेल्या बोटांनी मी बारावीचा पेपर लिहिला” हे वाक्य सगळ्यात आधी आण. आज लालबागच्या बाजारात आईबरोबर तुझ्या जागी मी बसतोय. बोंबलाचं कालवण झाकून ठेवलंय.

आणि हा सल्ला कोणाचा होता असं तुझ्या सरांनी विचारलं, तर “सल्ला दिला गेला होता” एवढंच सांग.

निमेशदादा