दहावं वर्ष कुणाचं

१४ मार्च, मंगळवार
सकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावरून

ती. ताईंना,
धाकटीचा नमस्कार.

फोन सोडून हिला पत्र कुठून सुचलं, असं पाकीट फोडतानाच तुम्ही म्हणाला असाल. गणिताच्या बाई तुम्ही, सरळ वाट असताना वळसा घालणाऱ्यांचा तुम्हाला राग. पण फोनवर तुम्ही "बोल गं" म्हणता आणि मी लगेच गुंड्याच्या सर्दीवर घसरते. दिवसभर लॅबमध्ये बसून लोकांच्या कवळ्या करते, आणि स्वतः तोंड उघडायची वेळ आली की माझीच दातखीळ बसते. म्हणून कागद.

आधी घरचं. आईंना नवा चष्मा लागला. त्यामुळे मी काढलेला केर नीट निघत नाही, हे त्यांना आता स्वच्छ दिसतं. तुमच्या दिरांनी पोट कमी करायचा निश्चय चौथ्यांदा केला आहे आणि तो साजरा करायला बाहेरून जेवण मागवलं. गुंड्या अडीच वर्षांचा व्हायला आला. सकाळी माझे बूट ओढत दारापर्यंत आणतो आणि "आई, पळ" म्हणतो. कौतुकानं म्हणतो की मला घालवायला, देव जाणे. वरच्या मजल्यावर, तुमच्या आणि दादांच्या जागेत, नवे भाडेकरू आलेत. माणसं चांगली आहेत, पण पहाटे पाचला कुणी उठत नाही. जिन्यात तुमच्या बुटांचा आवाज नाही, याची मला दोन वर्षांनीही सवय झालेली नाही.

बातमी तुम्हाला कळलीच असणार. आईंनी साऱ्या गोतावळ्याला फोन केलेत. नदीकाठच्या शर्यतीची माझी सलग दहा वर्षं पूर्ण झाली, म्हणून येत्या रविवारी मला कायमचा नंबर देणार आहेत. तो पुन्हा दुसऱ्या कुणाला मिळत नाही, म्हातारी होऊन काठी टेकत आले तरी माझाच. आमंत्रणपत्रिकेवर माझा फोटो आहे आणि खाली छापलंय, "गरोदरपण, ऑपरेशन, दुखावलेला पाय, तरीही एकही वर्ष न चुकवणारी आई." तुम्ही दादांच्या हाती निरोप धाडलात, "धाकटीला म्हणावं, शाबास." तो निरोप ऐकून मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले.

आता दुसरी बातमी. आमच्या लॅबमध्ये साचे ओतणारी एक नवी मुलगी आहे, साचेवालीच म्हणतो आम्ही तिला. बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच परत आली होती, तिचं बाळ चार महिन्यांचं. माझ्या शेजारचं टेबल तिचं. मला विचारून विचारून तीही धावायला लागली. एक दिवस म्हणाली, नडगी दुखते, एकाच जागी बोट ठेवलं की कळ जाते, काय करू? ताई, एकाच जागची कळ म्हणजे काय असतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आणि मी काय म्हणाले, तर, "माझीही ठणकत होती तेव्हा. मी धावले. पायाची कुरकुर ऐकायची नाही, तो आपोआप गप्प बसतो."

यंदाच्या शर्यतीत आठव्या किलोमीटरला तिचं हाड मोडलं. तडा नाही, दोन तुकडे. आत सळई घातली आहे. तीन महिने पाय टेकायचा नाही, बाळ उचलायचं नाही.

मी दवाखान्यात भेटायला गेले तर ती मलाच विचारते, "तुमचा पाय गप्प बसला, माझा का नाही बसला हो? माझ्यातच काहीतरी कमी असेल." पलंगाच्या पलीकडे तिची आई बाळाला बाटलीनं दूध पाजत होती. मी तिथे उभी राहून संत्रं सोलत होते. सांगायची ती वेळ होती, ताई. मी संत्र्याच्या शिरा काढत राहिले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघ, उडशील." असं म्हणून फोडी बशीत मांडल्या आणि निघून आले. स्वतःची एवढी किळस मला आयुष्यात आली नव्हती.

तेव्हा आता त्या वर्षाबद्दल लिहिते, माझ्या आठव्या आणि तुमच्या दहाव्या.

घरात आपण ज्याला "चिपांची अदलाबदल" म्हणतो आणि हसून सोडून देतो, त्याबद्दल. गुंड्या पाच महिन्यांचा. ऑपरेशनची जखम भरते न भरते तोच मी धावायला निघाले होते, आणि शर्यतीला नऊ दिवस उरले असताना माझ्या नडगीच्या हाडाला तडा निघाला. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत तो अवजड बूट चढवला. लॅबमध्ये मी रजेवरच होते, धावणाऱ्या मंडळींना आपण मुरगळलं म्हणून सांगितलं. माझी नोंदणी आधीच झालेली. नंबरांची पाकिटं आणायला तुम्ही गेलात, आणि माझंही घेऊन आलात. "राहू दे आठवण म्हणून. वर्ष चुकलं तर चुकलं, पोरगं आलंय त्या बदल्यात," म्हणालात. तुमच्या तोंडी ते शोभत होतं. तुमची नऊ झालेली होती.

मला मात्र ते ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. एक वर्ष चुकलं की पुन्हा एकपासून मोजायचं, हा नियम. सात वर्षं पाण्यात. तेव्हा मला कुणी नावानं हाक मारत नव्हतं. दूध आलं का, टाके सुकले का, झोपला का, एवढंच सगळे विचारायचे. मीसुद्धा स्वतःला तेवढंच विचारायचे. सातव्या महिन्यापर्यंत मी पोट सांभाळत धावले होते, वाकता येईना तेव्हा तुम्ही रोज पायरीवर बसून माझ्या नाड्या बांधल्यात. ते सगळं एका तड्यापायी पुसलं जाणार, आणि उरणार फक्त दुधाची बाटली, असं मला वाटायचं. ही सबब नाही. फक्त काय वाटत होतं ते सांगते.

शर्यतीच्या सकाळी एकमेकींच्या बुटाला पाकिटातली, धावल्याची वेळ नोंदवणारी चिप बांधायची आपली रीत. शकुन म्हणायचो आपण त्याला, आणि तुमचे दीर पोरकटपणा म्हणायचे. त्या सकाळी तुम्ही आत गुंड्याला घेऊन येरझारा घालत होतात, मला बसून चहा पिता यावा म्हणून. तुमचे बूट पायरीवर होते. दोन्ही चिपा माझ्या मांडीवर होत्या. अर्धवट झोपेत हातात येईल ती बांधली, असं मी नंतर घरात सगळ्यांना सांगितलं.

मी झोपेत नव्हते. चिपेवरचा बारीक आकडा मी दोनदा वाचला होता. माझी कोणती, हे बघून मी ती तुमच्या बुटाला बांधली, दुहेरी गाठ मारली, आणि तुमची चिप माझ्या गाऊनच्या खिशात टाकली. मग तुम्ही बाहेर आलात, पाय पुढे करून "झालं का शकुनाचं?" विचारलंत, आणि मी हो म्हणाले.

शेवटच्या कमानीपाशी मी गुंड्याला घेऊन उभी होते. तुम्ही आलात, घामानं निथळत, हात वर करून. दहा झाली म्हणून रडत होतात. मी तुमचा फोटो काढला. मग तुम्ही चिप परत द्यायला खाली वाकलात, गाठ सोडलीत, आणि हातातला आकडा बघत तशाच वाकून राहिलात. केवढा वेळ. उठून माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, "बाळाला ऊन लागतंय. सावलीत जा."

तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? मला वाटतं कळलं होतं.

संध्याकाळी निकाल लागला. त्याप्रमाणे मी धावले, तुम्ही आलाच नाहीत. मी तुमच्या पुढ्यात हात जोडले, घोटाळा झाला म्हणाले, तक्रार केलीत तर नियमाप्रमाणे दोघींनाही कायमचं बाद करतील म्हणाले. कशी नियम सांगत होते बघा! तुम्ही भाजी निवडत होतात. "असू दे," म्हणालात, "तुझं वर्ष तरी वाचलं." त्यानंतर तुम्ही एकदाही धावला नाहीत. कुणी विचारलं की गुडघा म्हणायचं, आणि मीही सांगत सुटले, "ताईंचा गुडघा ना." तुमचा गुडघा ठणठणीत आहे, ताई. तीन मजले पाण्याच्या बादल्या घेऊन चढायचात तुम्ही. दादांची बदली झाली तेव्हा मी फाटकाशी गळ्यात पडून रडले, आणि ट्रक वळला तसं मला हायसं वाटलं. हेही आज लिहून टाकते.

त्यानंतरची दोन वर्षं मात्र माझी खरी आहेत. बूट निघाल्यावर तीन महिने नुसती चालले, मग एक मिनिट पळणं आणि चार मिनिटं चालणं, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन धापा टाकत परत. हळूहळू सगळं अंगात आलं. दुखापतीतून बरं कसं व्हायचं, हे मला खरंच येत होतं. साचेवालीला मी ते सांगू शकले असते. पण ते सांगायचं तर घरी बसलेलं वर्ष सांगावं लागलं असतं, म्हणून मी तिला खोटं दिलं आणि तिनं ते पायात घातलं.

काल दुपारी मी दोन कामं केली.

पोस्टात जाऊन शर्यतीच्या मंडळाला रजिस्टर पत्र टाकलं. काय केलं ते सगळं लिहिलं, तुम्हाला काहीच माहीत नव्हतं हेही लिहिलं, आणि तुमचा तो फोटो जोडला. तुमच्या छातीवर तुमचा नंबर आहे आणि मागच्या घड्याळात वेळ आहे. दहावं वर्ष तुमचं आहे, ते तुमच्या नावावर करा, मला काय शिक्षा द्यायची ती द्या, एवढंच मागितलं. ते आधी टाकलं आणि तुम्हाला आज लिहितेय, कारण तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि मी लगेच ऐकलं असतं. तुमचं ऐकायला मला तेवढ्यापुरतं फार आवडतं.

मग साचेवालीच्या घरी गेले. ती खिडकीपाशी पाय उशीवर ठेवून बसली होती. या वेळी काही सोलायला नेलं नव्हतं. उभ्या उभ्या सांगितलं. ती ऐकत होती.

"म्हणजे त्या वर्षी तुम्ही घरी होतात?"

"हो."

"बाळाजवळ?"

"हो."

"आणि मला म्हणालात, धावलात."

मी मान हलवली. तिचं बाळ आतल्या खोलीत रडायला लागलं. ती सवयीनं उठायला गेली, पाय आठवला, परत बसली, आणि आईला हाक मारली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दार ओढून घ्या जाताना." ओढून घेतलं.

काल रात्रीच्या जेवणाला घरात सांगितलं. आईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातलाच नाही. तुमचे दीर म्हणाले, "रविवारचं काय?" मी म्हणाले, रविवारी मी घरी. इतका वेळ कुणी जेवलं नाही की आमटी गार झाली.

मंडळ काय करेल माहीत नाही. कदाचित तुमचं वर्ष तुम्हाला मिळेल, कदाचित नुसतं माझं नाव खोडलं जाईल. ते तुमच्याकडे आले तर त्यांना परत पाठवू नका, एवढी विनंती. माझ्यासाठी म्हणून तुम्ही आता काहीही सोडू नका, ताई. पुरे झालं.

आणि मला एवढ्यात माफ करू नका. फोन करून "असू दे गं" म्हणू नका. तुम्हाला ते फार पटकन जमतं, आणि त्याच्याच जिवावर मी दोन वर्षं मान वर करून हिंडले. रागवा. वाटेल तेवढे दिवस रागवा. पत्र फाडून टाकावंसं वाटलं तर फाडा, मी पुन्हा लिहीन.

दादांना नमस्कार, तुमच्या लेकीला आशीर्वाद. तिला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सांगितलंत तर पायरीवरचं सगळं सांगा, दुहेरी गाठीसकट.

नऊच वर्षं धावलेली,
तुमची धाकटी