डॅशबोर्डावरची उदबत्ती

अहो मालक,

नमस्कार शेवटी करीन, आधी भांडण. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि आज सकाळी मी आपल्या दिलीपच्या थोबाडीत मारली. पन्नाशीला आलेला लेक, सुनेसमोर, भर अंगणात! कुणामुळं? तुमच्यामुळं!

थांबा, आधी आनंदाचं सांगते. दिलीपची शीतल, तुमच्या मांडीवर बसून व्हॅनचं स्टेअरिंग फिरवायची ती, आता चिंचोळीच्या कारखान्यात कामाला आहे. तिनं जुनी जीप घेतली. उद्या ती, तिची मैत्रीण आणि मी कच्छच्या रणात चाललोय. मिठाचं वाळवंट म्हणे, नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं! शेजारची कमळाबाई तीन दिवस माझ्याशी धड बोलत नाही. शीतलनं मला बूट घेतलेत, पांढरे, पोरींसारखे. हसू नका. मी चिडलेली आहे.

तिकडं मैलोगणती पंप नाही, म्हणून शीतलनं ओळखीतल्या एकाकडून त्याच्या वापरातला लोखंडी कॅन आणला, जादा पेट्रोलचा. तो बघितला आणि मला दुसराच कॅन दिसला. गोडेतेलाचा, पांढरा, प्लास्टिकचा.

तो मीच दिला होता ना तुम्हाला! राखेनं घासून, उन्हात वाळवून. करमाळ्याकडच्या वस्त्यांवर तुमची व्हॅन चालायची. एकदा कुणाचं तरी तापलेलं पोर दवाखान्यात आणताना पेट्रोल संपलं आणि त्याला खांद्यावर घेऊन तुम्ही चालत आलात. पोर वाचलं. तेव्हापासून तुम्ही म्हणायचात, "जादा पेट्रोल गाडीत पायजेच." बरोबर होतं की! पण तेलाच्या कॅनमध्ये? तेही सीटमागं? ऐन मे महिन्यात तो कॅन फुगायचा, बूच धड बसायचं नाही, व्हॅनभर वास. मी म्हणायची, "अवो, डोकं दुखतंय वासानं." तुम्ही म्हणायचात, "काच खाली कर की."

आणि त्यात तुमची ती उदबत्ती! गाडीत बसलं की डॅशबोर्डावरच्या देवाला उदबत्ती, मगच चावी. त्या दिवशी काचा बंद होत्या. तुम्ही दार ओढलंत, काडी ओढलीत. मी चुलीपाशी होते. आवाज आला तेव्हा वाटलं, टायर फुटला.

दवाखान्यात तीन दिवस होतात तुम्ही. त्यातही विचारलंत काय? "व्हॅनला लई न्हाय ना झालं?" मेल्या माणसाला बोलू नये, पण बोलते. व्हॅन! माझं काय होणार, हे विचारायला जीभ वळली नाही तुमची?

तर आजचं ऐका. जीपची पूजा होती. नारळ झाला, लिंबू झालं. दिलीप आत बसला, डॅशबोर्डावर उदबत्ती खोचली आणि काडीपेटी काढली. म्हणतो, "बापूंची पद्धत हाय." आणि कॅन कुठं? मागच्या सीटवर!

मी धावले. या गुडघ्यांनी! काडीपेटी हिसकली आणि दिली एक ठेवून.

"आई, अगं रिकामा हाय त्यो!"

"रिकाम्याचाच वास घे की! आत पेट्रोलची वाफ कोंडलीय ती बघ!"

शीतलनं बूच उघडून हुंगलं. तोंड पांढरं पडलं तिचं. दिलीप खाली उतरला आणि पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. तुमच्यासाठी तो पहिल्यांदाच रडला, मालक. मी पण बसले त्याच्याशेजारी.

मग शीतलनं जीपच्या मागं बाहेरून लोखंडी कप्पा बसवून घेतला. कॅन त्यात उभा, पट्ट्यानं आवळलेला. इथून रिकामाच न्यायचा. शेवटच्या पंपावर, जमिनीवर ठेवून, इंजिन बंद करून भरायचा. गळ्यापर्यंत नाही, उन्हात फुगायला जागा ठेवायची. टाकीत जागा झाली की लगेच ओतून मोकळं व्हायचं. एवढंच होतं हो. एवढंच करायचं होतं तुम्ही! आणि मी? वास मला येत होता. ओरडायला का शिकले नाही तेव्हा?

आता शिकले. वचन देते, त्या पोरींच्या गाडीत काडी ओढू देणार नाही, देवासाठीसुद्धा नाही. डॅशबोर्डावर फूल ठेवीन. तुमची उदबत्ती मी घेतली आहे बरोबर, पिशवीत. रणात पोचलो की खाली उतरीन, नवे बूट घालून गाडीपासून पन्नास पावलं मोजत जाईन, आणि तिथं मिठात खोचून लावीन. तुम्ही तिथंच या. गाडीजवळ येऊ नका.

घ्या, नमस्कार.

तुमचीच,
अजून चिडलेली
इंदू