ज्याने मारला, त्याने उतरायचं

प्रिय किमा,

परवा फोनवर तू हसत म्हणालास, "ताई, तुझ्या पोराला देवाने पाय दिलेत, पण काळीज द्यायचं विसरला," आणि मीही हसले. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. चुलीवरचा भात दोनदा लागला. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

शनिवारच्या सामन्यात तू माझ्या रेमाला तुझ्या संघात सगळ्यांत पुढे खेळवणार आहेस. गोल मारायला लावल्याशिवाय त्याची भीड चेपणार नाही म्हणतोस. तू ऐझॉलच्या सपाट मैदानावर शिकलास रे. आमच्या गावी आलास तो दोनदाच, माझ्या लग्नाला आणि मग रेमाच्या बाबांच्या मयताला. आमचं मैदान डोंगर कापून केलेलं. तीन बाजूंना उतार, खाली बांबूचं रान. पोरांचा नियम एकच, ज्याने मारला त्याने उतरायचं. चेंडू खाली गेला की खेळ थांबतो आणि मारणारा एकटा खाली जातो. पावसाळ्यात तिथे पाय ठरत नाही. म्हणून इथली पोरं जोरात मारायच्या आधी चार वेळा विचार करतात, आणि रेमा आठ वेळा.

इथे पोरांना खेळ शिकवणारे आमचे म्हातारे छुआना त्याला बरोबर ओळखून होते. ते त्याला मधल्या फळीत मागे ठेवायचे आणि शेजारी गावातलं सगळ्यांत चपळ पोरगं द्यायचे. ओरडायचे ते त्या पोरावर, "माकडा, बघत काय बसलास, पळ की, चेंडू येतोय." रेमावर कधी आवाज चढवला नाही. आणि चेंडू खरंच यायचा, पळणाऱ्याच्या पायात अलगद. कोण कुठे घसरणार हे त्याला आधी दिसतं. असा एक जण पाठीशी असला की बाकीचे बिनधास्त धावतात. त्यालाच पुढे काढलंस तर तुला एक घाबरलेला फॉरवर्ड मिळेल आणि मागे सगळा गोंधळ.

तू सांगितलंस, त्याच्या पायाने चेंडू बाहेर गेला की तो स्वतःच कुंपणावरून उडी मारून आणायला धावतो, तिथे त्यासाठी पोरं ठेवलेली असली तरी. सगळे त्याला हमाल म्हणून चिडवतात. इथला नियम तो तिथेही पाळतो रे.

तो तुझं ऐकणार नाही याची मला भीती नाही. ऐकेल याची आहे. काल मला म्हणाला, "आई, मामा सांगेल तसं मारेन." त्याचा तसा आवाज मी याआधी एकदाच ऐकलाय.

रेमाचे बाबा बांबू तोडताना घसरून गेले, असंच तुला ठाऊक आहे. सगळ्या गावालाही तेच. त्या संध्याकाळी मैदानावर बापलेक दोघंच होते आणि मी वर घराच्या खिडकीतून बघत होते. रेमा आठ वर्षांचा. बाबा म्हणाले, "मार रे, घाबरतोस काय," आणि त्याने मारला. नियमाप्रमाणे तो उतरायला निघाला, तर त्यांनी त्याला मागे ओढलं आणि स्वतः गेले, ते परत वर आलेच नाहीत. अंधार पडल्यावर पोरगं घरी आलं आणि त्याच आवाजात म्हणालं, बाबा बांबू आणायला गेलेत. मीही गावाला तेच सांगितलं आणि आजवर तेच सांगत आले. त्याला वाटतं, हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. किमा, त्याला मागेच खेळव, आणि कारण विचारलं तर संघाची गरज म्हण, माझं नाव घेऊ नकोस. शनिवारी एवढ्या लोकांत तू "मार" म्हणून ओरडशील आणि तो मारेल. मग इतकी वर्षं दाबून ठेवलेलं काय वर येईल, कुणास ठाऊक. आणि तेव्हा त्याला जवळ घ्यायला मी तिथे नसेन.

तुझीच घाबरट ताई,
दिनपुई