बाजू बदलण्याचा नियम

सर, समता कॉलनीतलं तुमचं घर आता हाडांचा दवाखाना झालं आहे. परवा गुडघा दाखवायला गेले, तेव्हा नंबर येईपर्यंत मला जिथे बसवलं ती तुमची बैठकच होती. बी.ए.ला दर्शनशास्त्र घेतलेले आम्ही मोजके विद्यार्थी दर रविवारी तिथे सतरंजीवर बसून वाद करत असू. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की स्पष्ट बोलण्याने कुणाचा अवमान होईल असं वाटत नाही.

तुमचा नियम मला तेव्हा मान्य होता, आजही आहे. प्रतिपक्षाचं म्हणणं असं मांडायचं की ऐकताना त्यानेच मान डोलवावी, खंडन त्यानंतर. आणि पुढच्या रविवारी बाजू बदलायची, कारण युक्तिवाद कुणाच्या तोंडून आला यावर त्याचं खरेपण ठरत नाही. आमचा पहिला वाद आत्मा आहे की नाही हा होता, आणि माझ्याकडे ‘नाही’ म्हणणारी बौद्धांची बाजू आली. माझे वडील रेल्वेत, घर बौद्ध, हे तुम्हाला ठाऊक होतं. पुढच्या रविवारी तीच बाजू, त्याच्या पुढच्याही. बाकीचे बदलत राहिले. अवघड बाजू माझ्याकडे ठेवता, त्या अर्थी तुमचा माझ्यावर भरवसा आहे, असं मी अनुमान काढलं. मी घरी मोठ्यानं तयारी करायचे, तर पोळ्या लाटता लाटता आई म्हणायची, “आत्मा नाही म्हनते, अन् पोळीवर तूप तेवढं मांगते.” वडील मात्र खूश होते. आपली बाजू तिथं कोणी तरी मांडून राहिलं, याचंच त्यांना अप्रूप.

तुमच्या घरी मला कधी वेगळा कप मिळाला नाही. काकू स्वयंपाकघरात बोलावून चिवड्यातलं मीठ चाखायला लावत. म्हणूनच मी सावध नव्हते.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, मी आत्मा मानणाऱ्यांची बाजू मागितली. तयारी करूनच आले होते. काल ज्याने पाहिलं त्यालाच आज आठवतं. एकाचं पाहणं दुसऱ्याला आठवत नाही. म्हणून पाहणारा आणि आठवणारा एकच, टिकून राहणारा कुणी तरी असला पाहिजे. एवढं सांगून मी थांबते. तुम्ही चष्मा पुसत असता. आमच्यातलाच एक, पंडरीच्या कापडबाजारातल्या व्यापाऱ्याचा मुलगा, हसत म्हणतो, “सर, इसको तो अपना पक्ष रटना भी नहीं पड़ता, घर का माल है।” मी तुमच्याकडे पाहते. बोलणाऱ्याच्या जन्मावरून बोलण्याची किंमत करणं हा दोष आहे, हे तुम्हीच शिकवलेलं. आता तुम्ही तो दाखवाल. तुम्ही चष्मा चढवता आणि मायेनं, अगदी मायेनंच, म्हणता, “खरं आहे, बेटा. तुझी बाजू तुझ्या घरचीच आहे. तुला बदलून काय करायचं?”

मी अडीच वर्षं ज्याला माझा युक्तिवाद समजत होते, तो तुमच्या लेखी माझा पत्ता होता. त्या दिवशीही मी नेहमीची बाजू मांडली, चांगली मांडली, आणि तुम्ही नेहमीसारखी मान डोलावलीत. त्यानंतर मी रविवारी आले नाही. तब्येत बरी आहे ना, असा तुम्ही निरोप धाडलात. तुम्ही अपमान केला असता, तर मी उत्तर दिलं असतं. मायेला काय उत्तर द्यावं, हे तुम्ही शिकवलं नव्हतं.

तुमच्या वतीने जे म्हणता येईल ते सारं मी तपासलं आहे. त्यातलं काही टिकत नाही. पण माझ्या तक्रारीतही एक अडचण आहे. मी जी बाजू मांडत आले ती खरी, तर त्या सतरंजीवर दुखावलेली मुलगी केव्हाच संपली, आणि गुडघ्याला पट्टा बांधून हे लिहिणारी बाई दुसरीच. एका दिव्यावरून दुसरा दिवा लागतो तसा केवळ प्रवाह चालत राहतो, हे उत्तर मला येतं. तर्काला ते पुरतं. रागाला पुरत नाही. राग धरायचा तर ती मुलगी मीच होते असं म्हणावं लागतं, म्हणजे तुम्ही मला नाकारलेली बाजूच घ्यावी लागते.

ती मी इथे घेतली आहे. हा कागद टपालात टाकायचा नाही. मात्र मांडणी कुठे कच्ची राहिली, ते अजूनही मला तुमच्याकडूनच ऐकायचं आहे.