यादीतली एक ओळ

रविवार, १८ मार्च

प्रिय ताई,

घरी सर्वांना नमस्कार. बाबांचा गुडघा आता बरा असेल. इथं मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. खोलीची खिडकी घट्ट बसते, तिला रोज खांदा लावावा लागतो, तेवढाच व्यायाम.

तू विचारलंस, मी करते तरी काय. आमचं यंत्र रुग्णाच्या खाटेशेजारी असतं. काही बिघडलं की ओरडतं. धोक्याचे जेवढे प्रकार, तेवढे मी प्रोग्राममध्ये एका यादीत ओवलेत. प्रोग्राम कंपाइल होताना, म्हणजे तो चालण्याच्याही आधी, कंपायलर, म्हणजे माझं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा, ती यादी एकेक करून उलगडतो आणि प्रत्येक प्रकाराला आवाज नेमून दिलाय का ते बघतो. एक जरी राहिला, तरी प्रोग्राम बनवायला साफ नकार. कापडाला कात्री लावण्याआधी तू मापं ताडतेस ना, तसंच. यंत्र सुरू होतं तेव्हा यादीचा मागमूसही उरत नाही. मला ते फार आवडतं.

मध्यंतरी यादीत 'बॅटरी संपत आली' हा प्रकार घातला आणि सगळं अडलं, कारण त्याचा आवाज लिहायचा होता. ग्राहक तर यंत्र बघायला निघालेले.

"ती ओळ काढ यादीतून," साहेब म्हणाले. "लगेच बनेल."

"बनेल, पण बॅटरी संपताना यंत्र गप्प बसेल."

"अगं, नुसतं दाखवायचंय. कुणाला जोडणार नाहीये."

"मग परत कोण घालणार? विसरलो तर कंपायलर अवाक्षर काढणार नाही. यादीत नाही ते त्याच्या लेखी नाहीच."

"तुझ्या लेखी मी तरी आहे ना?"

सगळे हसले. मीही हसले, पण ओळ काढली नाही. साहेबांनीच काढली. ग्राहक इतके खूश झाले की तोच प्रोग्राम घालून यंत्रं इस्पितळांत पाठवायचं ठरलं. तपासणीच्या कागदावर माझी सही हवी होती. मी दिली नाही.

'नोकरीत कायम झालीस का,' हे तू विचारलंस ते इतका वेळ टाळलं. नाही झाले, ताई. महिनाअखेरपर्यंतच आहे. "काम चांगलं आहे तुझं, पण तुझ्यापायी सगळे खोळंबतात," साहेब म्हणाले. रागावून नव्हे.

त्यानंतर मी तो आवाज लिहिला आणि ओळ परत घातली. काल शेजारच्या टेबलावरच्या 'आजोबांनी' (वय पस्तिशीचं, जेवणानंतरची डुलकी ठरलेली) आवाज तपासायला यंत्राची वायर काढली आणि बॅटरी उतरेपर्यंत डोळे मिटले. बॅटरी उतरली तेव्हा ते असं किंचाळलं की आजोबा खुर्चीतून ताडकन उठले. "पोरी, हे आता रुग्णालाही झोपू देणार नाही," म्हणाले. साहेब बाहेर आले, ऐकत उभे राहिले, आणि हाच प्रोग्राम पाठवा म्हणाले. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत.

माझं चुकलं का, मला ठरवता येत नाही. घरात शिकलेली मी एकटी, सगळ्यांची मदार माझ्यावर, आणि मी हे करून बसले. मी कायम झाले असं बाबांनी गल्लीभर सांगितलंही असेल. त्यांना तू काही बोलू नकोस. मी येईन तेव्हा माझ्या तोंडून ऐकू देत.

तोवर हे फक्त तुझ्यापाशी.

तुझी,
धाकटी